तापीचे उतार आणि आमच्या मंडळाची उलटतपासणी

आमच्या संशोधन मंडळात निबंध वाचणाऱ्याला खुर्ची मिळत नसे. त्याने उभे राहून वाचायचे, आणि वाचून झाले की त्याची उलटतपासणी व्हायची. नंदुरबारात कोर्ट होते, त्यामुळे मंडळाचे निम्म्याहून अधिक सभासद वकील. त्यांना दुसरी रीत सुचली नसावी. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत सभा भरे. वर्तमानपत्रे टांगायचा एक लाकडी कठडा होता, तो ओढून निबंध वाचणाऱ्यासमोर लावत. त्याला सगळे पिंजराच म्हणत.

मिरचीचे आणि कापसाचे व्यापारीही सभेला येत, पण निबंध चालू असेपर्यंत ते बाहेर ओट्यावर शेंगा खात बसत. आतून "आता प्रश्न" असा अध्यक्षांचा आवाज आला की टरफले झटकून आत शिरत. इतिहासाशी त्यांचा संबंध नव्हता. एखादा शहाणा माणूस घामाघूम होताना पाहायला ते यायचे, आणि रिकाम्या हाताने क्वचितच परत जायचे.

निबंधकर्ता तपासणीत टिकला तर निबंधावर अध्यक्ष 'मान्य' लिहून सही करत आणि तो कपाटात ठेवत. टिकला नाही तर 'पुढची तारीख'. छापायचा विचारच नव्हता. सभेपुढे वाचले म्हणजे जगापुढे आले, अशीच सगळ्यांची समजूत होती. मी बी. ए. होऊन गावच्या हायस्कुलात शिक्षक झालो आणि लगेच मंडळाचा चिटणीस झालो, तेव्हा माझीही तीच समजूत होती.

मला बी. ए.पर्यंत पोचवले ते आमच्या गुरुजींनी. आमचे घर सारंगखेड्याजवळचे, शेतीवाले. घरात सही करणारा मी पहिला. मराठी सातवीनंतर वडील मला नांगराला लावणार होते, तेव्हा गुरुजी तापी ओलांडून आमच्या खळ्यावर आले आणि वडिलांना म्हणाले, "भाऊ, याले वावरमा नका घाली. माले द्या." त्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. पुढे जे काही झाले ते त्या एका वाक्यामुळे झाले, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

गुरुजींचा एकच विषय होता, तापीचे जुने उतार. प्रकाशा गावापासून सारंगखेड्याच्या पुढपर्यंत नदी कुठे कुठे पायी ओलांडता येत होती, घोड्यांचे तांडे तिथल्या जत्रेत विकायला कोणत्या वाटेने यायचे, कोणत्या काठावर वीरांचे दगड उभे आहेत. सुट्टी लागली की ते नदीकाठाने निघत. नावाड्यांना विचारत, घोडेवाल्यांना विचारत, पाण्यात उतरून काठीने तळ चाचपत. यावरचा त्यांचा निबंध वाचायला चांगला होता. गुरुजी मात्र तपासणीचे गिऱ्हाईक नव्हते. प्रश्न आला की ते विचार करत. विचार करणारा माणूस पिंजऱ्यात शोभत नाही.

अध्यक्ष हे गावातले सर्वांत मोठे वकील आणि गुरुजींचे बालमित्र. दोघे एका गल्लीत वाढले, एका बाकावर शिकले. शाळेत गुरुजींचा नंबर नेहमी वर असे. ही गोष्ट अध्यक्ष हसत हसत सर्वांना सांगत, आणि मग कठड्यावर टिचकी मारून सुरुवात करत.

"मास्तर, हा उतार आपण पाहिला?"

"पाहिला."

"ओलांडला?"

गुरुजी थांबले. त्या उतारावरून ते उन्हाळ्यात पार गेले होते, पावसाळ्याच्या तोंडाशी अर्ध्यातून परतले होते. कोणते सांगावे, हे ते ठरवत होते.

"साधा प्रश्न आहे, मास्तर. धोतर भिजलं की नाही?"

"भिजलं. कमरेपर्यंत."

"कंबर कोणाची? आपली की घोड्याची?"

सगळी खोली हसली. गुरुजी गोंधळले आणि घाईने म्हणाले, "माले ठाऊक शे, मी सोता देखेल शे तो रस्ता."

"साक्षीदार," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "या सभेची भाषा मराठी आहे. दुभाष्या बोलवू का?"

सगळे पुन्हा हसले. अध्यक्षांसकट हसणारा प्रत्येक जण घरी आईशी हेच बोलत होता. गुरुजी मात्र गावाला शुद्ध मराठी शिकवणारे, म्हणून त्यांच्या तोंडून घरची बोली निसटली की ती मोठी मेजवानी ठरे. निबंधाला पुढची तारीख मिळाली. दरवर्षी मिळत होती.

त्यातच गुरुजींना काचबिंदू झाला. सुरतेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की नजर जाणार, थांबवता येणार नाही. परतीच्या गाडीत गुरुजी मला म्हणाले, "निबंध मान्य व्हना तं कपाटमा जाई. माले तो छापेल देखनं शे. मन्हा डोयाघाई. मन्हा नावखाले." नजर आहे तोवर त्यांना तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता.

त्याच सुमारास मंडळाच्या वाचनालयात नवे ग्रंथपाल आले. बडोद्याला ग्रंथालयाचे काम रीतसर शिकलेले, सडपातळ, कानावर पेन्सिल. गोड बोलणे त्यांना जमत नसे आणि जमावे असे वाटतही नसे. एका प्रतिष्ठित बाईंनी डाग पडलेली कादंबरी परत केली तर म्हणाले, "बाई, वाचलीत की वरणात बुडवलीत?" अध्यक्षांच्या वाड्यावर बाकी राहिलेली पुस्तके आणायला ते स्वतः गेले आणि ओसरीवर बसून राहिले, पुस्तके घेऊनच उठले. अध्यक्षांनी ते लक्षात ठेवले.

एकदा त्यांनी मला आत बोलावले. कपाटाखाली पुण्याहून आणि इतर ठिकाणांहून आलेली त्रैमासिके रचलेली होती. बहुतेकांची वेष्टनेही फोडलेली नव्हती.

"चिटणीस, हे काय आहे?"

"येतात टपालाने. आम्ही नीट ठेवतो."

"प्रेतंसुद्धा नीट ठेवतात." त्यांनी एक अंक उघडून पुढे सरकवला. त्यात कोणा विद्वानाचा लेख होता. आमच्या पट्ट्यात तापीला घोड्यांच्या तांड्याजोगा उतारच नव्हता, घोडे सगळे खालच्या अंगाने येत, असे त्यात नकाशाच्या आधाराने म्हटले होते.

"हे खोटं आहे," मी म्हणालो.

"हे छापलेलं आहे. या गृहस्थांनी तापी आगगाडीच्या पुलावरून तरी पाहिली असेल की नाही, मला शंका आहे. पण पुढचा माणूस यांचं वाचणार आणि त्यावर लिहिणार. तुमचे गुरुजी आयुष्यभर पाण्यात उभे राहिले आणि कोणाला पत्ता नाही. संशोधन आता सभेत होत नाही हो. ते टपालातून चालतं. तुमचं मंडळ अजून चावडीवर बसलंय."

पुढच्या सभेत ते पिंजऱ्याशी न थांबता सरळ अध्यक्षांच्या मेजापाशी गेले आणि आपली योजना मांडली. निबंधाच्या प्रती सभासदांना आधी पाठवाव्यात. आक्षेप लेखी यावेत, उत्तरही लेखी. ते सगळे सहामाही अंकात छापावे आणि तो अंक इतर मंडळांना पाठवून त्यांचे अंक घ्यावेत. कोणाच्या निबंधात काय आहे याची सूची वाचनालयात ठेवायची आणि मागेल त्याला कळवायची, हे काम ते स्वतः करतील.

"म्हणजे आम्ही प्रश्न विचारायचेच नाहीत?" एक तरुण वकील कळवळून म्हणाला.

"विचारा ना. लिहून विचारा. लिहिताना माणसाला वाचावं लागतं, एवढीच अडचण आहे."

मला वाटले, आता अध्यक्ष यांना फाडून खाणार. पण अध्यक्ष हसले. त्यांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "योजना उत्तम आहे. माझी एकच अट. उलटतपासणी हे मंडळाचं कामकाज आहे. ती जशीच्या तशी, पूर्ण छापली जाईल. पहिला निबंध मास्तरचा घेऊ."

ग्रंथपालांनी क्षणभर विचार केला. "छापली जाईल," ते म्हणाले.

लेखी प्रश्न आपोआप सभ्य होतील, असा त्यांचा हिशेब होता. बडोद्यात तसे होत असेल. आमच्या गावाचा त्यांना अजून अनुभव नव्हता. अध्यक्षांनी नवे प्रश्न लिहिलेच नाहीत. गेल्या कित्येक सभांतले प्रश्न आणि गुरुजींची उत्तरे त्यांनी आठवून आठवून लिहून काढली, आणि त्यांची स्मरणशक्ती गावात प्रसिद्ध होती. धोतर होते, घोड्याची कंबर होती, 'माले ठाऊक शे' होते, दुभाष्या होता. हशा कुठे झाला तेही कंसात टाकलेले होते. निबंधापेक्षा ती तपासणी लांब झाली.

ग्रंथपाल ते हस्तलिखित घेऊन अध्यक्षांकडे गेले. मीही बरोबर होतो.

"हे आक्षेप नाहीत. हा तमाशा आहे."

"कामकाज आहे," अध्यक्ष म्हणाले. "यात एक शब्द खोटा असेल तर दाखवा."

खोटा शब्द एकही नव्हता. गुरुजींनी उत्तर द्यावे, ते पुढच्या अंकात घेऊ, असे त्यांनी उदारपणे सांगितले. पुढचा अंक निघाला तेव्हा त्यात उत्तराला जागा उरली नव्हती.

आम्ही तिथून गुरुजींकडे गेलो. ग्रंथपालांनी सगळे त्यांना वाचून दाखवले, काही न गाळता, हशासकट. मला त्यांचा राग आला. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "निबंध मागे घ्या. मी बडोद्याला पाठवतो. वेळ लागेल, पण स्वच्छ छापून येईल."

"किती वेळ?"

"वर्ष. कदाचित जास्त."

गुरुजींनी दाराच्या उजेडाकडे तोंड वळवले. उजेड तेवढा त्यांना अजून कळत होता, आणि डोळ्यांपाशी धरले तर मोठी अक्षरे.

"नही," ते म्हणाले. "छापू द्या."

"गुरुजी, हे कपाटात राहणार नाही. जिथे तुमचा निबंध जाईल तिथे हे त्याच्या पाठोपाठ जाईल. तुमचे विद्यार्थी नसलेली माणसंही हसतील."

"हसू द्या. गावनं हसनं माले नवं शे का?"

"मग तुम्हाला उतारांशी काही घेणं नाही," ग्रंथपाल म्हणाले. "तुम्हाला नाव हवंय."

असे त्यांच्याशी कोणी बोलले नव्हते. अध्यक्षसुद्धा असे बोलले नव्हते. गुरुजी म्हणाले, "हा. माले नाव पाहिजे. तुम्ही तरुण शेतस. तुम्हले नंतर पाहिजे व्हई."

ग्रंथपाल निरोप न घेता उठले आणि धुळ्याला छापखान्यात गेले. परत आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना काय केले ते सांगितले. छापखान्यात मोठ्या कागदावर बरीच पाने एकदम छापून घडी घालतात, त्या घडीला फर्मा म्हणतात. गुरुजींचा निबंध पहिल्या फर्म्यांत संपेल आणि उलटतपासणी नव्या फर्म्यापासून सुरू होईल, अशी जुळणी त्यांनी करून घेतली होती. गावातल्या सभासदांना पूर्ण अंक मिळणार. बाहेरच्या मंडळांना मात्र फक्त पहिले फर्मे शिवून, निबंधाची वेगळी पुस्तिका म्हणून जाणार.

"अध्यक्षांना कळलं तर माझी नोकरी जाईल," ते म्हणाले. "तुमच्या संमतीशिवाय करणार नाही. निबंध तुमचा आहे."

गुरुजींनी हात पुढे करून चाचपत त्यांचा हात धरला. "करा," ते म्हणाले. "देव तुमनं भलं करो."

अंक आला. गुरुजींनी आपले नाव डोळ्यांना अगदी टेकवून पाहिले. पुन्हा पुन्हा पाहिले. त्या दुपारी मी त्यांना जितके आनंदात पाहिले तितके कधी पाहिले नाही. गावाने मात्र अंक मागच्या बाजूने उघडला. स्टेशनजवळच्या हॉटेलात उलटतपासणी मोठ्याने वाचली जाई. एक जण अध्यक्ष होई, एक गुरुजी. माझ्या वर्गात एका मुलाला मी नद्यांची नावे विचारली तर तो उभा राहून म्हणाला, "माले ठाऊक शे," आणि सगळा वर्ग लोळला. गुरुजी काठी टेकत बाजारातून चालले की मागून कोणीतरी हाक मारी, "मास्तर, धोतर भिजनं का?" ते मान न वळवता पुढे जात. पूर्वीचे हसणे सभेपुरते होते, शेंगांच्या टरफलांबरोबर झाडले जायचे. आता ते घरोघरी फळीवर ठेवलेले होते.

पावसाळा संपता संपता, त्या विद्वानाचा लेख ज्यात आला होता त्याच त्रैमासिकाचा नवा अंक आला. ग्रंथपालांनी वेष्टन फोडले आणि पान माझ्यापुढे धरले. गुरुजींचे पूर्ण नाव, गावाचे नाव, आणि खाली लिहिले होते की या निबंधातील प्रत्यक्ष पाहणीमुळे आमच्या अंकात पूर्वी आलेले उतारांविषयीचे विधान आता टिकत नाही. मी धावतच गुरुजींकडे गेलो. तोवर त्यांना उजेडही कळेनासा झाला होता. मी वाचले, त्यांनी पुन्हा वाचायला लावले.

तो अंक अध्यक्षांनीही पाहिला. त्यांना एकच गोष्ट खटकली. टिपणात उलटतपासणीचा उल्लेख का नाही? त्यांनी संपादकांना विचारणा केली, आणि संपादकांनी भाबडेपणाने कळवले की तसे काही आम्हाला मिळालेच नाही.

पुढच्या सभेत पिंजरा पुन्हा ओढला गेला. आत ग्रंथपाल उभे होते. ओट्यावर कोणी थांबले नव्हते, सगळे आधीच आत येऊन बसले होते. गुरुजींना हात धरून आणले होते.

"मंडळाचा अंक आपण कापलात?"

"कापला."

"कोणाच्या परवानगीने?"

"सुरीच्या."

कोणी हसले नाही. हसवणे हा अध्यक्षांचा हक्क होता.

"आपण मला शब्द दिला होता."

"छापण्याचा. छापलं. टपालाबद्दल आपण काही विचारलं नव्हतं. वकिलांकडून मला जास्त अपेक्षा होती."

अध्यक्षांचा आवाज चढला नाही. ते गुरुजींकडे वळले. "मास्तर, आता तुला विचारतो. तपासणी चुकवणाऱ्याचा निबंध या मंडळाचा राहत नाही, हा आपला पहिल्यापासूनचा नियम आहे. हे कापणं तुझ्या संमतीनं झालं असेल, तर निबंध रद्द. तसं मी प्रत्येक मंडळाला छापून कळवीन. या सद्गृहस्थांनीच मला रस्ता दाखवलाय. तुझ्या नकळत झालं असेल, तर तुझा निबंध राहील आणि हे जातील. तुला माहीत होतं?"

गुरुजी विचार करतील, असे मला वाटले. साध्या प्रश्नाला ते इतका वेळ घेत. या वेळी त्यांनी वेळ घेतला नाही.

"नाही," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

मी उभा राहिलो. मी चिटणीस होतो, माझ्यासमोर संमती दिली गेली होती. "अध्यक्ष महाराज," मी म्हणालो, "मला सांगायचं आहे, की—"

"चिटणीस, खाली बसा," ग्रंथपाल पिंजऱ्यातून ओरडले. "साक्षीदारानं उत्तर दिलंय. त्यांना माहीत नव्हतं. मी कोणाला विचारलं नाही, मी कोणाला विचारत नसतो. सबंध गावाला ठाऊक आहे."

त्यावर मात्र सगळे हसले. अध्यक्षही हसले. ग्रंथपालांना काढण्याचा ठराव लगेच झाला. हात वर करायला सांगितले तेव्हा गुरुजींना कोणी विचारले नाही, पण त्यांनी हात वर केला.

मी ग्रंथपालांना स्टेशनवर पोचवायला गेलो. पुस्तकांची एक पेटी आणि एक वळकटी एवढेच सामान होते. सुरतेची गाडी यायची होती.

"मला का थांबवलंत?" मी विचारले.

"तुम्ही खरं बोलला असतात. मग निबंध गेला असता आणि मीही गेलोच असतो. एवढा तोट्याचा व्यवहार मी कशाला होऊ देऊ? ते उतार आता बाहेर लोकांच्या कामाला लागलेत." मग म्हणाले, "आलेले अंक फोडत जा. सूची दर महिन्याला पुरी करा. तुमच्या वकिलांना अंकाची चटक लागली आहे, आता ते बंद करणार नाहीत. फक्त श्रेय त्यांना घेऊ द्या."

तसेच झाले. पुढे अध्यक्ष परगावच्या परिषदांत आमच्या मंडळाच्या अंकांची अदलाबदल आपणच सुरू केली असे सांगत, आणि लोक त्यांचे कौतुक करत. लेखी आक्षेपांची पद्धतही राहिली. काही वर्षांनी वकिलांनाही वाचून लिहायची सवय झाली, आणि व्यापाऱ्यांनी रविवारी येणे सोडले.

गाडी आली. ग्रंथपालांनी पेटी आत ढकलली आणि दारातून वाकून म्हणाले, "तुमच्या गुरुजींना सांगा, त्यांनी केलं ते निबंधाच्या दृष्टीनं बरोबर केलं. आणि हेही सांगा, की मी त्यांना कधी क्षमा करणार नाही. दोन्ही सांगा. एकच सांगू नका."

स्टेशनवरून मी सरळ गुरुजींच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. माझी पावले त्यांनी ओळखली.

"गाडी वेळवर व्हती का?"

"होती."

"काही बोलनात का ग्रंथपाल?"

ज्या माणसाने मला नांगरावरून उचलून इथवर आणले, त्याच्या समोर मी उभा होतो. "नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग मांडीखालून ते त्रैमासिक काढले. खुणेसाठी पानात काडी घातलेली होती. अंक माझ्याकडे धरून ते म्हणाले, "वाच."

मी त्यांच्याजवळ बसलो आणि त्यांच्या नावापासून वाचायला सुरुवात केली.